जसिंता डाबरेची एक्केचाळीस दारं

"मी उपकार करत नाहीये, मेट्रन. मी अदलाबदल करतेय. उपकार तुमचे तुम्हाला लखलाभ."

हे वाक्य जसिंताने चादरींच्या कपाटाआड उभं राहून ऐकलं, आणि जन्मभर पदराला गाठ मारल्यासारखं जपलं.

गाव मनामा, देश बहारीन, साल सत्त्याहत्तर. बाळंतपणाचा वॉर्ड. जसिंता अठ्ठावीस वर्षांची, वसईतल्या भुईगावची. नवरा रेमी आणि दोन वर्षांचा ऑल्विन यांना केळीच्या बागेत सोडून तिला नर्स म्हणून तिथे येऊन जेमतेम तीन महिने झालेले. तिला सहा चादरी आणायला पाठवलं होतं. चादरी घेऊन ती वळते तो दारातच दोन बायांची जुंपलेली, आणि बाहेर जायची वाट नेमकी त्यांच्या मधून. मग बिचारी चादरी छातीशी धरून कपाटामागे उभी राहिली. कान काही बंद करता येत नाहीत.

एक होती मेट्रन. स्कॉटलंडची, ताडासारखी उंच. दुसरी नईमा, तिथलीच, वॉर्डची मुख्य नर्स. उंची मेट्रनच्या खांद्याइतकी, आवाज मात्र छपराला लागणारा.

नईमाचं म्हणणं साधं होतं. पंचवीस डिसेंबरची ड्यूटी आम्ही मुसलमान पोरी करतो, ख्रिस्ती पोरींना चर्चला जाऊ दे. त्यांनी रमजानात रोज संध्याकाळी तोफ वाजली की वीस मिनिटं वॉर्ड धरावा, म्हणजे आम्ही बसून रोजा सोडू. आता उभ्या उभ्या एक खजूर तोंडात टाकतो आणि बी कुठे टाकायची ते शोधत फिरतो.

"ड्यूटीचा तक्ता म्हणजे भाजीबाजार नाही," मेट्रन म्हणाली. "आज नाताळ मागतेस, उद्या कुणी दिवाळी मागेल."

"मागू दे की! दिवाळीला कोण घाबरतं?"

"आणि त्या पोरींनी तुझी संध्याकाळ सांभाळली नाही तर?"

"तर उपाशी राहीन. महिनाभर तेच तर करायचं असतं!"

मेट्रनने हातातला तक्ता मिटला. मग कपाटाकडे न बघताच म्हणाली, "मागे कोण आहे ते बाहेर या. चादरी श्वास घेत नाहीत."

जसिंता बाहेर आली. चेहरा चादरीहून पांढरा. नईमाने तिच्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "तू ख्रिस्ती ना? तोफेच्या वेळी वॉर्ड धरशील?"

"धरीन."

"बघा. झाली अदलाबदल."

मेट्रनने परवानगी दिली नाही. पण नईमाने त्याच कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने स्वतःचा तक्ता काढला, आणि मेट्रन पुढे सात वर्षं रोज ते कपाट उघडत होती तरी तिला तो कधी दिसला नाही. चांगल्या वरिष्ठाची नजर अशी जागच्या जागी अधू असावी लागते.

तर त्या वॉर्डात पाच ख्रिस्ती पोरी होत्या. तीन केरळच्या, एक मंगळूरची, एक ही भुईगावची. रमजानात तोफ धडाडली की सगळी बाळंतपणाची खोली या पाच जणींच्या हातात. आणि बाळांची जात मोठी खट्याळ, त्यांना नेमकं तोफेच्या ठोक्यालाच यायचं असे. एका रमजानात तोफेवर अकरा बाळं झाली. नईमा आत जेवायला बसलेली, आणि बाहेर जसिंता अरबीत ओरडतेय, "दिज्जी! दिज्जी!" म्हणजे जोर लाव. "तनफ्फसी!" म्हणजे श्वास घे. जसिंताची अरबी एवढीच. तेहेतीस वर्षं राहूनही तिला अरबीत भाजी घेता येत नव्हती, पण बाळ मात्र घेता येत होतं.

आणि नाताळच्या दिवशी पाच जणी साड्या नेसून चर्चला जायच्या. तिथली एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या देशात सुट्टी शुक्रवारची. रविवारी सगळे कामावर. म्हणून ख्रिस्ती लोकांची रविवारची मिस्सा शुक्रवारी व्हायची. तीच वाचनं, तीच गाणी, फक्त वार वेगळा. देवाला वार कळतो की माणूस, असं म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलेलं. सकाळपासून अंगणात रांगा. मल्याळममधली मिस्सा संपली की कोकणी, मग तमिळ, मग फिलिपिनो मंडळींची. मराठी मिस्सा नव्हती. वसईची माणसं कोकणीत घुसायची आणि गाणं आलं की ओठ हलवायची.

मिस्सा झाली की या बायका रिकाम्या हाताने घरी जात नसत. डब्यात पेज, लोणचं, भुईगावच्या केळ्यांची सुकेळी घालून इस्पितळात परत यायच्या. घरकामाला आलेल्या कितीतरी बाया तिथे आजारी पडत. त्यांचं त्या देशात कुणी म्हणून कुणी नसे. कुणी श्रीलंकेची, कुणी आंध्राची, कुणी इथिओपियाची. त्यांच्या उशाशी बसायचं, केस विंचरायचे, घरी पत्र लिहून द्यायचं. धर्म कुणी विचारत नसे. एकदा एक बाई पेज पिऊन म्हणाली, "तुम्ही कोण लागता माझ्या?" जसिंता म्हणाली, "शुक्रवारवाल्या."

अशी तेहेतीस वर्षं गेली. मेट्रन गेली, नईमा मेट्रन झाली आणि मग निवृत्तही झाली. इकडे भुईगावात रेमी वारला. ऑल्विन शिकून अमेरिकेत कॉम्प्युटरवर लागला. नागपूरच्या वैदेहीशी त्याचं लग्न झालं, त्यांना आन्या झाली. मग आईला एकटं कशाला ठेवायचं म्हणून दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात त्यांनी जसिंताला मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला नेलं.

ती मंगळवारी पोचली. शुक्रवारी सकाळी ऑल्विन आणि वैदेही ऑफिसला, आन्या शाळेत. जसिंता उठली, न्हाली, चांगली साडी नेसली, कोट चढवला, डोक्याला रेशमी रुमाल बांधला आणि चर्चला निघाली. इथे रविवार असतो हे तिच्या डोक्याला ठाऊक होतं. पण पायांना कोण सांगणार? तेहेतीस वर्षं पाय शुक्रवारी चालत होते.

समोरच्या घरातून एक बाई गाडी काढत होती. तिच्याही डोक्याला रुमाल. तिने काच खाली केली आणि विचारलं, "प्रार्थनेला?"

"हो, प्रार्थनेला," जसिंता म्हणाली.

"बसा की मग! मीही तिथेच चाललेय."

जसिंताला वाटलं, काय भला देश आहे. बाई बोलकी होती. नाव सुमय्या, मूळची इराकची, बसऱ्याची. जसिंता बहारीनला होती म्हटल्यावर तर तिला बहीणच भेटल्याचा आनंद झाला. जसिंताने पिशवीतून जपमाळ काढली आणि मणी ओढायला लागली. सुमय्याने तिरक्या नजरेने मणी पाहिले आणि मान डोलावली. तिच्याही आईची अशीच होती. मग माळ फिरत फिरत शेवटाला आली आणि टोकाचा क्रूस बाहेर लोंबला.

सुमय्याने गाडी बाजूला घेतली.

"आंटी, तुम्ही कुठे निघालात?"

"चर्चला. आज शुक्रवार ना?"

"आणि मी मशिदीत. आज शुक्रवार ना!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सुमय्या अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की मागच्या गाडीवाल्याने थांबून काही मदत हवी का विचारलं. शेवटी सुमय्याने तिला आधी चर्चपर्यंत नेलं, दाराला कुलूप आहे हे दोघींनी मिळून पाहिलं, आणि मग जसिंता मशिदीच्या बाहेर गाडीत बसून रोजरी म्हणत थांबली. संध्याकाळी आन्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आजी! इट वॉज फ्रायडे!"

"तेच म्हणते मी," जसिंता म्हणाली.

घरात बसून ती चार महिन्यांत कंटाळली. वैदेही म्हणाली, "आई, आराम करा हो आता." जसिंता म्हणाली, "आराम करून करून पाठ दुखते." मग वैदेहीनेच तिची गाठ राजीव देवधरांशी घालून दिली. देवधर पुण्याचे, चाळीस वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून आलेले, आता निवृत्त. गावच्या सीनियर सेंटरमधून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण घरपोच जातं, ते पोचवायला ते गाडी चालवत. गाडी ते अशी हळू चालवत, की जेवण पोचेपर्यंत गरम राहणं हा सगळा डब्याचा पराक्रम.

"सिस्टर, तुम्ही उतरून बेल वाजवायची, मी गाडीत थांबणार," त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी केली. "माझे गुडघे पेन्शनवर आहेत."

"आणि माझे?"

"तुमचे अजून नोकरीत दिसतायत."

जसिंताने बेल वाजवायचीही पद्धत बसवली. दोनदा बेल, मग नावाने हाक. दार उघडलं की डबा देता देता तीन गोष्टी बघायच्या, पायात चप्पल नीट आहे का, गॅस बंद आहे का, डोळे काल होते तसे आहेत का. ही तिची नर्सची तपासणी, डब्याच्या आडून चालायची. बघता बघता एक्केचाळीस दारं तिला तोंडपाठ झाली. तिसऱ्या रस्त्यावरच्या थिबोदोबाई तिच्या खास. ऐंशीच्या, एकट्या, जिभेने तिखट. डबा घेताना रोज एकच प्रश्न, "गरम आहे का?"

"हात लावून बघा."

"काल नव्हता."

"काल तुम्ही दार उघडायला वेळ लावलात."

पाच वर्षं असं चाललं. सहाव्या वर्षी नाताळ आला. सेंटर पंचवीस तारखेला बंद असायचं. स्वयंपाकघराला कुलूप, गाड्या चालवणारे आपापल्या घरी. आदल्या दिवशी दोन दिवसांचे डबे द्यायचे. जसिंता सव्वीसला दुपारी थिबोदोबाईंच्या दारात उभी राहिली. दोनदा बेल. हाक. काही नाही. मागे जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर बाई फरशीवर पडलेल्या. खुबा मोडलेला. नाताळच्या सकाळी चहा करताना पडल्या होत्या. सव्वीस तास.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत जसिंता त्यांचा हात धरून बसली. बाईंचे ओठ सुकलेले, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, "काल कुणीच आलं नाही."

बस, एवढंच. पण ते जसिंताला असं लागलं, की घरी येऊन ती जेवली नाही. वैदेहीने ताट पुढे सरकवलं. "आई, तुमची चूक नाहीये ना पण. क्लोज्ड होतं सगळं."

"तेच ग. माझं दार बंद नव्हतं. मी इथे केक खात होते."

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, पुढच्या नाताळला एक्केचाळीस दारं वाजलीच पाहिजेत. थिबोदोबाई वाचल्या, वसंतात घरी आल्या, वॉकर घेऊन चालू लागल्या. पण पुढच्या वेळी कुणी वाचेलच असं कुठे लिहिलंय?

सेंटरची डोना चांगली बाई होती, पण नियमांनी बांधलेली. म्हणाली, "मी सणाच्या दिवशी माणसांना ये म्हणून कसं सांगू? त्यांनाही घरं आहेत."

"ज्यांचा सण नाही त्यांना सांग."

"असे कोण आहेत?"

जसिंता म्हणाली, "एक शुक्रवार दे मला."

त्या शुक्रवारी ती सुमय्याच्या गाडीत बसली, आणि या वेळी मात्र समजून-उमजून मशिदीत गेली. कमिटी बसली होती. आठ पुरुष, दोन बायका, अध्यक्ष डॉक्टर नजीब, हृदयाचे डॉक्टर. जसिंताने सगळं सांगितलं. पडलेली बाई, सव्वीस तास, एक्केचाळीस दारं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकलंही नाही, लगेच म्हणाले, "आंटी, काळजी सोडा. आम्ही करू. पुण्याचं काम आहे."

सुमय्याने तिच्याकडे हसून पाहिलं. झालं की काम! पण जसिंता हसली नाही. एवढ्या लवकर हो म्हणणारा माणूस विसरतोही तेवढ्याच लवकर, हे तिने तीन डझन रमजानांत पाहिलं होतं.

"आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला काय हवं?" तिने विचारलं.

"काही नको हो. काहीच नको."

"मग राहू द्या," म्हणून जसिंता उठली.

सुमय्याने तिची बाही ओढली. "आंटी! ते हो म्हणतायत!"

"ऐकू आलं. पण ते उपकार करतायत." ती उभ्या उभ्याच बोलायला लागली. "डॉक्टर, यंदा तुमचं मन मोठं आहे. पुढच्या वर्षी कुणाच्या घरी लग्न निघेल, त्यापुढे बर्फ पडेल, आणि मोठं मन घरात बसेल. पण तुमच्या ईदला माझी माणसं तुमच्या जागी उभी राहिली, तर माझ्या नाताळला तुम्हाला यावंच लागेल. लाजेकाजेस्तव का होईना. लाज ही फार खमकी मुकादम असते. म्हणून सांगा, तुमचं काय अडतं?"

ही माणसं रागावली असती तर हातातली एक्केचाळीस दारं गेली असती. देवधर तिथे नव्हते म्हणून बरं. असते तर म्हणाले असते, सिस्टर, आलेलं कशाला लाथाडता?

मग सुमय्याच बोलली. "आमचं धान्यवाटप अडतं."

मशिदीतून दर शनिवारी गरजू लोकांना धान्य, दूध, डायपर देत. कुणी आलं तरी देत. पण रमजानचा शेवटचा आठवडा आणि ईद आली की हात कमी पडत आणि दोन शनिवार वाटप बंद राही. लोक पिशव्या घेऊन येत आणि दारावरची पाटी वाचून परत जात.

"बघा!" जसिंता बसली. "ते दोन शनिवार आमचे. कागद आणा, पेन्सिल आणा."

कागद आला, पण त्याच्याआधी उपसमिती नेमावी का यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला तीन माणसांची, दुसरा म्हणाला पाच. पाव तास गेला. जसिंताच्या तोंडून सवयीने अरबी निसटली. "यल्ला, डॉक्टर! तनफ्फसी! दिज्जी!"

सुमय्या टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. डॉक्टर नजीब लाल झाले. "आंटी, हे बाळंतिणीला म्हणतात. मी पुरुष आहे."

"दिसतंय. म्हणूनच एवढा वेळ लागतोय."

पाच मिनिटांत तक्ता तयार.

आता राहिली आपली बाजू. चर्चमधल्या काही बायकांना ते पटेना. मिस्सेनंतर कॉफी पिता पिता कुजबुज झाली. नाताळच्या दिवशी आपल्या म्हाताऱ्यांच्या दारात अनोळखी माणसं? जसिंताने एकदोघींना समजावलं, पण तिचं इंग्रजी वॉर्डातलं. त्यात दुखतं कुठे ते चांगलं विचारता येई, वाद घालता येत नसे. शेवटी ती हात टेकून थिबोदोबाईंकडे डबा द्यायला गेली आणि त्यांना तेवढं सांगून बसली.

थिबोदोबाई सत्तर वर्षं त्याच चर्चच्या. त्यांनी डबा बाजूला ठेवला, फोन जवळ ओढला, आणि खुर्चीत बसल्या बसल्या एकेकीला लावला. "मी एलिनॉर. सव्वीस तास मी फरशीच्या लाद्या मोजत होते. एकशे बारा आहेत. त्या वेळी सैतान जरी डबा घेऊन आला असता तरी मी दार उघडलं असतं, आणि तू त्या डॉक्टरांना अडवतेस? बरं, ईदच्या शनिवारी तुझं नाव कितीला लिहू, नऊला की दहाला?"

सात फोनमध्ये नऊ नावं आली. दोघींनी नवऱ्यांची नावंही स्वतःच देऊन टाकली. फादरांनी चर्चच्या हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली सुमय्याच्या हातात ठेवली. देवधर म्हणाले, "मी दोन्हीकडे येणार. मी ना यांच्यातला, ना त्यांच्यातला. मला दोन्ही सणांना जेवायला मिळतंय."

नाताळ आला. रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलेलं. जसिंता मिस्सेला गेली. डोना म्हणाली होती, तू एकदा हॉलमध्ये डोकावून जा. पण नईमाचा नियम होता, ड्यूटी दिली की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर ती दिली कुठे? म्हणून ती तिसऱ्या बाकावर बसली, गाणी म्हटली, आणि मनातल्या मनात रस्ते फिरत राहिली. आता पहिला रस्ता झाला असेल. आता वळणावर असतील, तिथे पायरी मोडकी आहे, सांगितलं होतं ना? हो, सांगितलं होतं.

इकडे सुमय्या थिबोदोबाईंच्या दारात. दोनदा बेल. हाक. दार उघडलं.

"ती कुठाय?"

"चर्चमध्ये. आज तिची ड्यूटी मी करतेय."

"गरम आहे का?"

"हात लावून बघा."

बाईंनी हात लावला. आत मसाल्याचा कोंबडीचा भात होता, बसऱ्याकडचा. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "आत ये. दार उघडं राहिलं की माझी ऊब जाते बाहेर."

चाळीस दारं उघडली. एकोणतिसावं उघडेना. तिथे डॉक्टर नजीब स्वतः होते. दोनदा बेल, हाक, पुन्हा बेल, मागची खिडकी, पुन्हा हाक. बर्फात पाय रुतवून वीस मिनिटं. शेवटी ते पोलिसांना फोन लावणार एवढ्यात रस्त्याला गाडी थांबली आणि घरातले आजोबा लेकीचा हात धरून उतरले. ते लेकीकडे न्याहारीला गेले होते, आणि सेंटरला कळवायचं राहिलं होतं. दारात एक गोठलेला हृदयाचा डॉक्टर डबा छातीशी धरून उभा पाहून आजोबा म्हणाले, "तुम्हाला जरा बसायला हवं." आणि त्यांनीच डॉक्टरांना आत नेऊन अॅपल पाय खाऊ घातला.

दुपारी एकला जसिंताचा फोन वाजला. सुमय्या म्हणाली, "एक्केचाळीस, आंटी. सगळे उभे आहेत. सगळे जेवले."

जसिंताने फोन ठेवला आणि पहिल्यांदा केकचा तुकडा तोंडात घातला. वैदेहीने विचारलं, "आई, रडताय का?"

"केक कोरडा झालाय तुझा."

आणि ईदला चर्चच्या सात बाया, दोन नवरे आणि देवधर मशिदीच्या तळघरात सकाळी आठला हजर. देवधरांनी तांदळाच्या पोत्यांना नंबर घातले, बायकांनी दुधाच्या बाटल्या लावल्या. कुणी दारावरची पाटी वाचून परत गेलं नाही, कारण पाटीच लावलेली नव्हती. ज्या बाईने कॉफी पिता पिता सगळ्यांत जास्त कुजबुज केली होती, तिनेच दुपारी विचारलं, "पुढचा शनिवार पण आपलाच ना?"

दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन गावांनी तोच तक्ता उचलला. डोनाने तो मोठा छापून सेंटरच्या भिंतीवर लावला आणि वर जाड अक्षरांत लिहिलं, 'नईमा चार्ट'. नईमा म्हणजे कुठल्याशा संस्थेचं नाव असावं, असं तिला वाटत होतं. जसिंताने आन्याकडून त्याचा फोटो काढून घेतला आणि मनामाला पाठवला. नईमा तेव्हा ऐंशीच्या पुढची. दुसऱ्या दिवशी तिचा आवाजातला निरोप आला. आनंदाचे दोन शब्द असतील म्हणून सगळं घर कान देऊन बसलं.

"जसिंता! तिसऱ्या रस्त्याला दोनच माणसं? बर्फ पडतो ना तिकडे? तीन लाव. इतकी वर्षं शिकवलं ते काय चादरीमागे उभं राहून ऐकलंस?"

जसिंताने तो निरोप पुसला नाही. वॉर्डातून बाहेर पडल्यावर इतकं मोठं बक्षीस तिला कुणी दिलं नव्हतं. तिसऱ्या रस्त्याला तिसरं माणूस लागलं.

कोरोनाची दोन वर्षंसुद्धा तक्ता चुकला नाही. डबा पायरीवर, माणूस सहा फुटांवर, पण दोनदा बेल आणि हाक तशीच. एकूण सात नाताळ झाले. एकाही नाताळला कुणी फरशीवर एकटं राहिलं नाही.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत जसिंता गेली. झोपेत, त्रास न देता, शुक्रवारी पहाटे. तिच्या लेखी तो रविवारच. अंत्यविधीला चर्चमध्ये बसायला जागा नव्हती, आणि मागच्या चार बाकांवर रुमाल बांधलेल्या बायका होत्या. त्या दिवशीचे डबे त्यांच्यातल्याच काही जणींनी पोचवून झाले होते, कुणी न सांगता. तक्त्यात ती अदलाबदल लिहिलेली नव्हती.

पण जाण्याच्या आदल्या दिवशीचा, गुरुवारचा फेरा तिनेच केला. तो सांगायचा राहिला.

देवधरांनी सव्वाअकराला गाडी आणली. "सिस्टर, आज वारा आहे. तुम्ही बसून राहा, मी उतरतो."

"तुमचे गुडघे पेन्शनवर आहेत ना?"

"तुमचेही आता व्हायला हरकत नाही."

"अर्ज कुठे करतात ते माहीत नाही," म्हणून ती उतरली. चाळीस दारं झाली. थिबोदोबाईंचं तिने शेवटाला ठेवलं होतं, कारण तिथे वेळ जाई. पायरी, कठडा, दोनदा बेल. "एलिनॉर!"

वॉकरची खुटखुट आली, दार उघडलं. जसिंताने डबा पुढे करता करता खाली पाहिलं. चप्पल नीट. आत पाहिलं. गॅस बंद. वर पाहिलं. डोळे काल होते तसेच.

"गरम आहे का?"

"हात लावून बघा."

"काल नव्हता."

"लवकर दार उघडत जा," जसिंता म्हणाली, कठड्याला धरून सावकाश उतरली, गाडीत बसली आणि यादीवर एक्केचाळिसावी खूण केली.